पीएचडीचं कोर्सवर्क, लेप्टोचे सॅम्पल आणि पावसाळा: आधी काय उरकू?

सुरंगी
मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी रत्नागिरीत केली, नेट परीक्षेच्या तिसऱ्या कॅटेगरीत म्हणजे फक्त पीएचडी प्रवेशापुरती पास झाले आणि आता मुंबईत प्रवेश मिळालाय. गाइड मुंबईतच, पण विषय आपल्याकडचा, कुडाळ-सावंतवाडी भागात भातशेतीत राबणाऱ्या लोकांमधला लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मुतातून पाण्या-चिखलात पसरणारा तापाचा आजार, थोडक्यात लेप्टो). जानेवारीपासून कोर्सवर्क सुरू. किमान १२ क्रेडिट, त्यात रिसर्च मेथडॉलॉजी आणि रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स सक्तीचे, बाकीचे आपण निवडायचे. यादीत बायोस्टॅटिस्टिक्स, मॉलेक्युलर टेक्निक्स, बायोइन्फर्मॅटिक्स, इम्युनॉलॉजी आणि सायंटिफिक रायटिंग आहेत. सीनिअर म्हणतात सोपे घे, ५५ टक्के पडले की सुटलीस. गाइड म्हणतात आधी कोर्सवर्क उरकून ये मग विषयाचं बोलू. घरी विचारतात अजून किती परीक्षा देणार. ज्यांचं झालंय किंवा चालू आहे त्यांनी सांगा, काय घेऊ, आणि ह्या सहा महिन्यांत आणखी काय करता येईल? मधे मधे गावी यावं लागणार आहे तेही धरून सांगा.

हजेरीपट
तुझे सीनिअर बरोबर बोलतायत. मी पीएचडी संपवून बसलोय म्हणून सांगतो, कोर्सवर्कचे मार्क पुढे कुणी विचारत नाही. व्हायवाला नाही, इंटरव्ह्यूला नाही, पोस्टडॉकला तर नाहीच. जे विषय सुटायला सोपे ते घे, असाइनमेंट वेळेवर टाक, उरलेला वेळ लॅबमध्ये हात बसवायला दे. आमच्याकडे बायोस्टॅट म्हणजे फळ्यावर मीन-मीडियन-मोड आणि शेवटच्या तासाला कायस्क्वेअर, एवढ्यासाठी सहा महिने घालवायची गरज नाही.

टी_टेस्ट
हजेरीपट, तुमच्याकडे वाईट शिकवलं म्हणून विषय वाईट ठरत नाही. मी आकडेशास्त्र शिकवतो, आता रिटायर होऊन रत्नागिरीतच असतो. दरवर्षी दोन-चार पोरं थिसिसच्या शेवटच्या वर्षात डेटा घेऊन येतात आणि म्हणतात सर जरा ह्याचा पी व्हॅल्यू काढून द्या. सॅम्पल गोळा करून झालेले असतात, प्रश्नावली छापून भरून झालेली असते, आणि मुळात ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं त्याला पुरेल एवढी माणसंच घेतलेली नसतात. त्या वेळी मी काय करणार? कुठलंही सॉफ्टवेअर काय करणार?

सुरंगी, बायोस्टॅट घेच. पण आधी सांग, तुला नक्की काय मोजायचंय? आधी होऊन गेलेला लेप्टो किती जणांत आहे ते, का आत्ता ताप आलेल्यांत लेप्टो किती निघतो ते? दोन्ही अभ्यास वेगळे आहेत, माणसं वेगळी, टेस्ट वेगळी, आकडेमोड वेगळी.

सुरंगी
सर, सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) दोन्ही लिहिलंय :( गाइड म्हणाले नंतर कमी करू.

टी_टेस्ट
नंतर नाही, आत्ता. उदाहरण घालून देतो, वही घे.

समज गावातल्या शेतात काम करणाऱ्या लोकांत अँटिबॉडी किती जणांना सापडतात ते बघायचंय आणि तू धरलंस की साधारण २० टक्के निघतील (हा आकडा उदाहरणापुरता, तू आपल्या भागाच्या जवळपासचा छापून आलेला पेपर शोधून त्यातला घे). उत्तर पाच टक्के इकडेतिकडे चालेल. मग १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले ०.२० गुणिले ०.८० आणि त्याला भागायचं ०.०५ च्या वर्गानं. येतात २४६. आता दहातला एक जण रक्त द्यायला नको म्हणणार, म्हणून २४६ भागिले ०.९, झाले २७४. बरेच जण इथे थांबतात आणि सिनॉप्सिसमध्ये २७५ लिहून मोकळे होतात.

पण तू २७४ माणसं अख्ख्या तालुक्यातून चिठ्ठ्या टाकून निवडणार आहेस का? नाही. तू दहा-बारा वाड्या धरणार आणि एकेका वाडीत वीस-पंचवीस जणांना गाठणार. एका वाडीतली माणसं एकाच व्हाळाच्या पाण्यात उतरतात, शेजारशेजारच्या कुणग्यात चिखल तुडवतात, उंदीरही त्यांचे तेच. म्हणजे एकाला झाला असेल तर शेजाऱ्याला असायची शक्यता जास्त, आणि पंचवीस माणसांकडून पंचवीस माणसांची माहिती मिळत नाही, कमी मिळते. ह्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. तो २ धरलास तर आकडा थेट ५४८. आता एलायझाच्या (अँटिबॉडी शोधायच्या टेस्टच्या) एका प्लेटला ९६ वेल म्हणजे खाचा, त्यातल्या काही कंट्रोलना जातात, मग किती किट लागतील ते तूच काढ आणि गाइडना दाखव. दोनपैकी एक उद्दिष्ट कमी करायचं का ते ते आपणहूनच बोलतील.

डॉ_पडवीतला
टी_टेस्ट सरांशी पूर्ण सहमत, पण मला इथे दुसरीच काळजी वाटतेय. मी कोकणातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवतो, एथिक्स कमिटीवरही बसतो. सुरंगी, कॅलेंडर काढ.

लावणी जूनअखेर ते जुलै. तापाचे पेशंट आपल्याकडे जुलैपासून वाढायला लागतात ते साधारण कापणीपर्यंत चालतात. म्हणजे सॅम्पल घ्यायची खिडकी वर्षातून एकदाच उघडते. आता उलटं मोज. पहिला पेशंट घ्यायच्या आधी एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हवी, ती मागाहून मिळत नाही. सरकारी रुग्णालयातून सॅम्पल घेणार तर जिल्हा शल्यचिकित्सकांचं पत्र, प्राथमिक आरोग्य केंद्रातून घेणार तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं. आमच्या कमिटीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होते आणि पहिल्याच बैठकीत सुटलेला प्रस्ताव मी फार कमी बघितलाय, बहुतेकांना शंका काढून परत पाठवतो, ते दुरुस्त करतात, पुढच्या बैठकीत येतात. म्हणजे फेब्रुवारीत कागद गेला तर मे-जूनपर्यंत हातात येईल अशी आशा. आणि तू जर गाइड म्हणतात तसं जूनपर्यंत कोर्सवर्क उरकून मग प्रस्ताव लिहायला बसलीस तर मंजुरी दिवाळीच्या सुमाराला येईल, तोवर भात कापून झालेलं असेल आणि पुढच्या जूनपर्यंत तू मुंबईत लायब्ररीत बसून रिव्ह्यू लिहीत राहशील. यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत (महिलांना दोन वर्षं जास्त मिळू शकतात, पण ती अडचणीसाठी ठेव), कोर्सवर्कही त्यातच धरलेलं आहे. त्यातलं एक पुरं वर्ष असं जातं.

सुरंगी
बापरे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण कोर्सवर्क चालू असताना प्रस्ताव लिहायला वेळ कुठून आणू?

डॉ_पडवीतला
वेगळा वेळ आणायचाच नाही. कोर्सवर्कच्या असाइनमेंट म्हणूनच लिहायचा. मेथडॉलॉजीत एक प्रपोजल लिहायला सांगतातच, पोरं काहीतरी काल्पनिक विषय घेतात, तू तुझाच घे. बायोस्टॅटची असाइनमेंट म्हणजे तुझी सॅम्पल साइझ. सायंटिफिक रायटिंगमध्ये तुझी प्रस्तावना. एथिक्सच्या कोर्समध्ये संमतीपत्र लिहून शिक्षकांकडून तपासून घे. यूजीसीनं तो दोन क्रेडिटचा कोर्स सहा भागांत आखलाय, तीन थिअरीचे आणि तीन प्रत्यक्ष कामाचे, त्यामुळे शिक्षक नाही म्हणायचं कारण नाही. मार्चपर्यंत अर्धा प्रस्ताव तयार होतो आणि मार्क मिळतात ते वेगळे.

हजेरीपट
हे मात्र मान्य. आम्ही तेव्हा इंटरनेटवरून उचललेल्या असाइनमेंट टाकायचो. पण डॉक्टर, गाइड "आधी कोर्सवर्क मग बोलू" म्हणतायत त्यांचं काय? विद्यार्थिनीनं गाइडला वळसा घालून कमिटीकडे जायचं?

डॉ_पडवीतला
वळसा नाही, गाइडची सही लागतेच. पण गाइड बहुतेक लॅबमधले असणार, सेल लाइन (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) बारा महिने वाढते, तिला पावसाळा नसतो. त्यांना हे कॅलेंडर एका कागदावर मांडून दाखव, वाद घालू नको. रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटीची पहिली बैठक कधी ते विचार आणि त्यातच हा मुद्दा लेखी ठेव. इतिवृत्तात आला की काम हलतं.

मांडवी_एक्स्प्रेस
मी मुंबईत तिसऱ्या वर्षाला, कॅन्सर सेल लाइनवर काम. "सेल लाइनला पावसाळा नसतो" वाचून हसू आलं, जुलैत आमच्या इन्क्युबेटरला बुरशी लागते तेव्हा या बघायला :)) पण मुद्दा बरोबर आहे.

सुरंगी, विषयांचं माझं मत: बायोस्टॅट आणि मॉलेक्युलर टेक्निक्स घे. बायोइन्फर्मॅटिक्स आत्ता सोड, तुझ्या कामात जीनोम सिक्वेन्सिंग नाही, लागलंच तर नंतर स्वयमवर किंवा एनपीटीएलवर (सरकारी ऑनलाइन कोर्स) करता येईल, विद्यापीठानं आधी मान्य केलं तर क्रेडिटही मिळतात. इम्युनॉलॉजी एमएस्सीला झालंय ते पुरे.

आणि मॉलेक्युलरच्या प्रॅक्टिकलला नुसती उभी राहू नको. चौघांच्या ग्रुपमध्ये एक जण पिपेट धरतो आणि तिघं फोटो काढतात. तू धर.

समुद्रापार
मूळचा मालवणचा, सध्या अमेरिकेत बायोमेडिकल सायन्सेसच्या पीएचडीत चौथ्या वर्षाला. इथली पद्धत सांगतो म्हणजे तुलना करता येईल. इथे बऱ्याच ठिकाणी प्रवेश लॅबमध्ये नसतो, प्रोग्रॅममध्ये असतो. पहिल्या वर्षी क्लास चालू असतानाच दोन-तीन लॅबमध्ये आठ-दहा आठवडे काम करायचं, त्याला रोटेशन म्हणतात, मग कुठल्या लॅबमध्ये राहायचं ते दोघांच्या पसंतीनं ठरतं. दुसऱ्या वर्षाच्या आसपास क्वालिफाइंग परीक्षा, त्यात स्वतःचं प्रपोजल लिहून तीन-चार प्राध्यापकांसमोर उभं राहायचं. म्हणजे डॉक्टर जे म्हणतायत, क्लासमधून प्रपोजल तयार करायचं, ते इथे पद्धतच आहे. एथिक्सही चुकत नाही, एनआयएचच्या (इथल्या सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या) पैशांवर ट्रेनिंग असेल तर किमान आठ तास समोरासमोर बसून करायचं आणि चार वर्षांनी परत.

पण मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट जर्नल क्लब. आमची एक प्राध्यापिका अ‍ॅबस्ट्रॅक्ट झाकून पेपर वाचायला लावते. आधी फक्त आकृत्या बघायच्या, खालची ओळ वाचायची, ह्यात n (नमुन्यांची संख्या) किती आणि तो n कशाचा ते विचारायचं, एरर बार एसडीचा (माणसामाणसांतला फरक) का एसईएमचा (सरासरीतली अनिश्चितता) ते शोधायचं, ह्यावरून निष्कर्ष स्वतः लिहायचा आणि मग लेखकांनी काय लिहिलंय ते उघडायचं. पहिल्या वेळी तास गेला दोन आकृत्यांत. तुमच्या कोर्सवर्कमध्ये जर्नल क्लब नसेल तर तिघं-चौघं मिळून सुरू करा, दर आठवड्याला एक पेपर, परवानगी कुणाची लागत नाही.

टी_टेस्ट
"तो n कशाचा" हे वाक्य प्रत्येक लॅबच्या दारावर लावा. एकाच माणसाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) तीन वेलमध्ये घातलं म्हणजे n तीन होत नाही, माणूस एकच आहे, तुमचा हात किती स्थिर आहे एवढंच त्यावरून कळतं. आणि एसईएमचा बार एसडीपेक्षा लहान दिसतो म्हणून तो लावायचा ही सवय मोडा.

बीएस्सी_थर्ड_इयर
मधेच विचारतो सॉरी. सावंतवाडीला बीएस्सीला आहे. सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेसची तयारी आतापासून करू का? आणि चार वर्षांच्या डिग्रीवर थेट पीएचडी होते असं ऐकलं ते खरं का?

मांडवी_एक्स्प्रेस
होते, नवीन नियमात चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर. पण मला विचारशील तर एमएस्सी कर, निदान डिझर्टेशनच्या निमित्तानं लॅब आवडते का नाही ते कळतं. नेटचा पेपर २०० मार्कांचा, पार्ट ए मध्ये २० पैकी १५, बी मध्ये ५० पैकी ३५, सी मध्ये ७५ पैकी २५ सोडवायचे, चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव भाग कापतात. सी चा एक प्रश्न चार मार्कांचा आणि त्यात प्रयोगाचा डेटा देऊन विचारतात, पाठांतर तिथे चालत नाही. म्हणजे वर समुद्रापार म्हणाला तशी आकृत्या वाचायची सवय तुलाही लागणार. सगळी युनिट करायच्या भानगडीत पडू नको, निम्मी नीट कर.

बीएस्सी_थर्ड_इयर
धन्यवाद ताई. पैसे किती मिळतात?

मांडवी_एक्स्प्रेस
जेआरएफ (नेटमधून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) असेल तर महिना ३७,००० पहिली दोन वर्षं, मग एसआरएफ (सीनिअर फेलोशिप) झालं की ४२,०००, घरभाडं वेगळं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. पण दर महिन्याच्या एक तारखेला येतात असं समजू नको, कधी कधी महिनोनमहिने अडकतात, हाताशी थोडे ठेवावे लागतात. सुरंगीला जेआरएफ नाही म्हणून तिच्यासाठी: बार्टी, सारथी, महाज्योती (राज्य सरकारच्या वेगवेगळ्या समाजांसाठीच्या संस्था) ह्यातल्या ज्या संस्थेत तू बसतेस तिची पीएचडी फेलोशिप बघ, जाहिरात कधी येते त्यावर डोळा ठेव, आणि जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला हे कागद गावी आलीस की काढून ठेव, जाहिरात आल्यावर तहसीलला पळू नको.

गजालवाला
गो बाय, तुझा सगळा वाचलंय. एथिक्स, स्टॅट, जर्नल क्लब सगळा ठीक असा, पण रगात कोण काढतला आणि ठेवतला खंय ता कोणी इचारूक नाय! माका इचार, मी लॅबात टेक्निशियन असंय, सिंधुदुर्गातच.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. पेशंटचा ताप कितवा दिवस हे सर्वात आधी विचार. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो तेव्हा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधायची टेस्ट) कामाचं, तेव्हा आयजीएम (सुरुवातीच्या अँटिबॉडी) एलायझा बरेचदा निगेटिव्ह येतं कारण अँटिबॉडी तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी आलेल्या पेशंटचं नुसतं एलायझा करून "लेप्टो नाही" लिहिलंस तर तुझा सगळा अभ्यास पाण्यात. म्हणून पीसीआरला जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब आणि सीरमला लाल टोपीची, दोन्ही एकाच वेळी. एमएटी (अँटिबॉडीचं प्रमाण म्हणजे टायटर मोजायची टेस्ट) करणार असशील तर जोडीचं सीरम लागतं, दहा-चौदा दिवसांनी परत रक्त, आणि चौपट टायटर वाढलं तर पक्कं. आणि हीच खरी मेख आहे, कारण ताप उतरल्यावर माणूस चिखलणीला जातो, तो तुझ्यासाठी परत हॉस्पिटलात येत नाही. त्याच्या वाडीवर तूच जायचं, आशाताईंना बरोबर घेऊन, संध्याकाळी. तसं येणं-जाणं बजेटमध्ये धर.

लेबलचं सांगतो. साध्या मार्करनं लिहिलेलं स्पिरिटचा बोळा लागला की पुसतं आणि कागदी लेबल पावसाच्या हवेत सुटून रॅकच्या तळाशी जमा होतात, मग कुठलं कुणाचं ते देव जाणे. क्रायो लेबल आण, ट्यूबवर आणि रजिस्टरमध्ये एकच नंबर, नाव ट्यूबवर नको. सीरम वेगळं केलंस की तीन छोट्या ट्यूबमध्ये भाग कर, म्हणजे एक टेस्ट करायला सगळं वितळवायला नको. आणि घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच्या फ्रीजरवर भरवसा ठेवू नको, तो बर्फ घालवण्यासाठी मधे मधे स्वतःच गरम होतो. लाइट गेली की तर बोलायलाच नको, जुलैत एक झाड तारेवर पडलं की रात्र गेली.

सुरंगी
दादा, हे फार कामाचं आहे. सॅम्पल मुंबईला कसे नेऊ? रात्रीच्या गाडीनं आइसबॉक्समध्ये स्वतःच घेऊन गेले तर?

गजालवाला
लोक नेतात ते बघितलंय, पण तू नको नेऊ. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ आणि ट्यूबा घालून बर्थखाली ठेवायचा हा प्रकार पकडला गेला किंवा फुटला तर जबाबदार तू. तिहेरी पॅकिंग लागतं, आत ट्यूब, तिच्याभोवती शोषून घेणारं काहीतरी आणि न गळणारा डबा, त्याच्याबाहेर कडक खोका, त्यावर यूएन ३३७३ चा (जैविक नमुन्यांच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नंबर) शिक्का. असं पॅक करून नेणारे कुरिअर आहेत, खर्च येतो, पण सॅम्पल साठवून महिन्यातून एकदा पाठवलेस तर परवडतं.

डॉ_पडवीतला
गजालवालांनी सांगितलेलं सगळं प्रस्तावात लिही, कमिटी नेमकं हेच विचारते. साठवण कुठे, किती वर्षं, अभ्यास संपल्यावर सीरमचं काय करणार. आणि उरलेलं सीरम पुढे दुसऱ्या कामाला वापरायचं असेल तर संमतीपत्रात आत्ताच वेगळा रकाना ठेव, माणसाला त्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

संमतीपत्राबद्दल आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं उघडून बस, फुकट मिळतात. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. आपल्याकडे काय होतं, शेतमजूर असतो आणि ज्याच्या शेतात तो कामाला आहे तोच बाजूला उभा असतो, तोच साक्षीदार म्हणून सही ठोकतो. हे चालत नाही, त्याच्यासमोर तो माणूस नाही कसा म्हणेल? आणि पॉझिटिव्ह निघाला तर त्याला कोण सांगणार, कधी सांगणार, औषध कुठे मिळणार तेही लिही. थिसिस छापून झाल्यावर रिपोर्ट देऊन त्याला काय उपयोग.

प्रश्नावलीत एक प्रश्न न विसरता घाल: लावणीच्या आधी लेप्टो टाळायला डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या घेतल्या का, किती आठवडे. जोखमीच्या लोकांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम देतात, त्याचा तुझ्या आकड्यांवर परिणाम होणार.

हजेरीपट
एक विचारतो. एवढं करून शेवटी एका तालुक्याचा सर्व्हे, तो छापणार कोण? मोठ्या जर्नलला हवं असतं नवीन मॉलेक्यूल.

डॉ_पडवीतला
महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर माहीत आहेत ना? विंचू चावून पोरं दगावायची, तेव्हा त्यांनी ग्रामीण रुग्णालयात पेशंटच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हात-पाय गार पडणं हे तासातासाला टिपून ठेवलं. १९८२ साली ते लॅन्सेटमध्ये आलं. पुढे प्राझोसिन ह्या रक्तदाबाच्या औषधाचा वापर त्यांनी रुजवला, आणि २०११ साली प्राझोसिन एकटं विरुद्ध प्राझोसिन अधिक प्रतिविष अशी रँडमाइज्ड ट्रायल बीएमजेमध्ये छापून आली. मशीन कुठलं होतं त्यांच्याकडे? प्रश्न नेमका होता आणि नोंदी चोख होत्या. तालुका लहान म्हणून अभ्यास लहान होत नाही हो.

हजेरीपट
बरं बरं, माघार.

मांडवी_एक्स्प्रेस
छापायचं निघालंच आहे तर. पीएचडी सबमिट करायला पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीनं २०२२ च्या नियमांत काढलीय, विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय ते तेवढं बघ. यूजीसी केअर ही मान्य जर्नल्सची यादीही बंद झाली २०२५ मध्ये. त्यामुळे आता जर्नल खरं का खोटं ते आपणच ओळखायचं. "आदरणीय महोदय, आपला उत्कृष्ट लेख पाठवा, तीन दिवसांत स्वीकृती" असली मेल आली की डिलीट. एडिटोरियल बोर्डावरच्या दोन माणसांना शोधून बघ, त्यांना स्वतःला माहीत असतं का की ते बोर्डावर आहेत. दुसऱ्याच्या मजकुराशी साम्याची मर्यादा दहा टक्के, त्याच्यावर गेलं की शिक्षेच्या लेव्हल लागायला लागतात, आणि मेथडचा पॅरेग्राफ लॅबमधल्या जुन्या थिसिसमधून उचलला तर तिथेच पकडली जातेस, कारण तो थिसिस शोधगंगेवर (थिसिसच्या ऑनलाइन साठ्यात) आहेच.

पेपर मिळत नाहीत अशी तक्रार असेल तर तुमची संस्था सरकारी आहे का बघ, जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स आहेत. गावी असलीस तर लायब्ररीकडून बाहेरून लॉगिन मिळतं का विचार. नसेल तर पबमेड सेंट्रलवर बरंच फुकट आहे. झोटेरो (पेपर आणि संदर्भ जमवून ठेवायचं सॉफ्टवेअर) आजच टाक, पैसे लागत नाहीत, आणि पहिल्या पेपरपासून त्यात भर.

सुरंगी
टी_टेस्ट सर, सॉफ्टवेअर कुठलं? लॅबमध्ये ग्राफपॅड आहे पण एकाच कॉम्प्युटरवर आणि त्याला रांग असते.

टी_टेस्ट
आर शिक. फुकट आहे, तुझ्या लॅपटॉपवर चालतं, आणि तू काय केलंस ते ओळीओळीनं लिहिलेलं राहतं, सहा महिन्यांनी परीक्षकानं विचारलं तर परत चालवून दाखवता येतं. पहिले दोन आठवडे रडवतं. मग नाही.

पण त्याच्याआधी एक्सेल नीट भरायला शीक. तू "ताप किती दिवस" ह्या रकान्यात ३-४ असं इंग्रजी आकड्यांत टाइप करशील आणि एक्सेल त्याची तारीख करून टाकेल. तुला वाटेल विनोद करतोय. जीन्सच्या नावांचंही तेच व्हायचं, सेप्ट२ चं सप्टेंबर आणि मार्च१ चा मार्च महिना, इतक्या पेपरांत हा घोळ झाला की शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये जीन्सचीच नावं बदलली. एका रकान्यात एकच गोष्ट, एकच आकडा, रंगानं काही सुचवायचं नाही, रिकामं म्हणजे माहिती नाही आणि शून्य म्हणजे शून्य. रकान्यांची यादी आणि प्रत्येकात काय लिहायचं हे आधी वेगळ्या कागदावर कर.

समुद्रापार
+१. आणि लॅब नोटबुक बांधील घे, सुट्या कागदांवर नको, पानांवर नंबर, पेननं लिही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला तारीख-सही. व्हाइटनर लॅबमध्ये आणूच नको.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. बायोस्टॅट, मॉलेक्युलर टेक्निक्स आणि सायंटिफिक रायटिंग घेतेय. दोन्हीऐवजी एकच उद्दिष्ट ठेवायचं म्हणतेय, तापाच्या पेशंटचं, गावातला सर्व्हे सोडून देते. गाइडना काल कॅलेंडर पाठवलं, त्यांचा रिप्लाय आला "सोमवारी ये, बोलू". फेब्रुवारीच्या बैठकीला कागद द्यायचे असं धरून चाललेय.

टी_टेस्ट
उद्दिष्ट बदललं म्हणजे ५४८ चा आकडा गेला, नव्यानं काढावा लागेल. आता तुला लागणार तापाच्या पेशंटपैकी किती लेप्टोचे निघतील तो अंदाज, आणि ज्या रुग्णालयातून घेणार तिथे मागच्या पावसाळ्यात महिन्याला तापाचे किती पेशंट आले ते. तेवढे पेशंट चार महिन्यांत तिथे येणारच नसतील तर दुसरं रुग्णालय जोडावं लागेल आणि मग परवानगीचं पत्रही दुसरं. सोमवारच्या आधी तो आकडा मिळव.

गजालवाला
ओपीडी रजिस्टर बघूक गावतला, पण तोंडी इचारून नाय. पत्र घेऊन ये. नाताळाच्या सुट्टीत गावाक येतलंस तेव्हा घेऊन ये, दुपारी दोननंतर, सकाळी गर्दी असता.